काटा रिकामा झाला की

खिसे शिवून टाकायचा हुकूम सोमवारी सकाळी निघाला, आणि ज्याचा खिसा त्यानेच शिवायचा, असंही त्यातच होतं. मुकादमाने काळ्या दोऱ्याचं एक रीळ आणि दोन सुया टेबलावर ठेवल्या. चाळीस बायका एकीमागून एक तिथे बसल्या आणि आपल्याच एप्रनचे खिसे बंद करून उठल्या. फळं चोरीला जातात म्हणे. ज्या शेडमध्ये दिवसाला वीस-वीस गाड्या संत्री उतरत होती, जिच्या मागच्या अंगाला डागी मालाचा ढीग सडून त्याचं पाणी रस्त्यापर्यंत वाहत होतं, तिथल्या मालकाला बायकांच्या खिशातल्या दोन संत्र्यांनी झोप लागत नव्हती.

थोरलीची पाळी आली तेव्हा तिने खिशातून साखरेची पुडी काढून टेबलावर ठेवली.

"हे काय?" मुकादमाने विचारलं.

"साखर."

"इथे कोण तुला चहा पाजणार आहे?"

मागच्या दोघी-तिघी हसल्या. थोरलीनेही हसल्यासारखं केलं. आजाराचं नाव काढायची सोय नव्हती. मागच्याच हंगामात एका बाईला फिट येते असं कळलं, तर तिला दुपारच्या आत घरी पाठवलं होतं आणि तिची पिशवी संध्याकाळी तिच्या शेजारणीने नेली होती. थोरलीने खिसा शिवला, दोरा दाताने तोडला आणि पुडी कमरेला खोचली.

पण कमरेची पुडी टिकली नाही. पत्र्याखाली उभं राहायचं, वर फळांना मेण लावणाऱ्या यंत्राची वाफ. दुपारपर्यंत घामाने साखरेचा पाक होऊन तिच्या कंबरेला चिकटला आणि संध्याकाळी सासूने तिच्या पाठीवरून मुंग्या झाडल्या. "आता तुला बरणीत भरून फळीवरच ठेवते," सासू म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग पुडी पिशवीत गेली आणि पिशवी डब्यांच्या खोलीत खुंटीवर. इथेच चुकलं, असं थोरली नंतर स्वतःला म्हणत राहिली. पण यात तिचं काय चुकलं, हे कोणी तरी सांगावं. बाईने आपला जीव खिशात ठेवला होता आणि दुसऱ्या कोणी तरी तो खिसा शिवायला लावला.

थोरलीला साखरेचा आजार होऊन सहा वर्षं झाली होती. गोळ्यांनी भागेना म्हणून तीन वर्षांपासून सुई होती. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. औषधाची बाटली घरी ओल्या वाळूच्या मडक्यात असे, आणि दुपारची सुई ती सकाळीच भरून ओल्या फडक्यात गुंडाळून नेई. दवाखान्यातल्या सिस्टरने पहिल्याच दिवशी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. सुई आधी, जेवण अर्ध्या तासाने. आधी जेवून मग सुई घेतलीस तर साखर डोक्यावर चढून बसेल. आणि सुई घेऊन जेवलीच नाहीस तर साखर पायाखालून निघून जाईल, ते त्याहून वाईट. "चढलेली साखर दहा वर्षं खेळवते," सिस्टर म्हणाली होती, "उतरलेली तासभरही थांबत नाही. समजलं का?"

समजायला काय, समजलं होतं. घरात सोपं होतं. चूल आपली, ताट आपलं. पण शेडमध्ये जेवणाची घंटा घड्याळावर वाजत नसे, काट्यावर वाजे. आवारात शिरल्याबरोबर गाड्या तोलायचा मोठा काटा होता, जमिनीच्या पातळीत बसवलेली लोखंडी पाटी आणि शेजारी केबिन. केबिनमध्ये तबकडीवर वजन दाखवणारी लांब लाल सुई. मालाची गाडी आली की पाटीवर चढे, वजन होई, मग शेडला लागे. सकाळच्या गाड्या संपल्या, काटा रिकामा झाला, की मुकादम मान हलवी आणि काटेवाला केबिनबाहेर टांगलेल्या लोखंडी तुकड्यावर हातोडीने टोले देई. तीच घंटा. "काटा रिकामा तर पोट भरा," मुकादम म्हणे. हा त्याचा विनोद होता आणि हाच नियम. कधी पावणेबाराला घंटा होई, कधी साडेबाराला.

काटेवाला म्हणजे थोरलीचा नवरा. थोरलीला शेडमध्ये काम मिळालं त्याच्या ओळखीने, आणि सुईवर तोडगा निघाला तोही त्याच्याच टोपीने. शेवटची गाडी पाटीवर चढली की तो डोक्यावरची टोपी काढून केबिनच्या खिडकीतल्या खिळ्याला अडकवी. थोरली संत्री निवडायच्या सरकत्या पट्ट्यावर तिसऱ्या जागी उभी असे. ती जागा मेणाच्या यंत्राला खेटून, कोणाला नको असलेली. पण तिथून समोरच्या झरोक्यातून तो खिळा दिसायचा. टोपी दिसली की ती पाण्याचं निमित्त करून डब्यांच्या खोलीत जाई, भिंतीकडे तोंड करून पोटाला सुई टोचे आणि परत येऊन उभी राही. शेवटची गाडी तोलून शेडला लागेपर्यंत अर्धा तास होई. मग घंटा. दोन हंगाम हे घड्याळासारखं चाललं. शेडमध्ये हे फक्त धाकटीला ठाऊक होतं. धाकटी म्हणजे तिची जाऊ, पट्ट्याच्या पलीकडच्या बाजूला समोरासमोर उभी असायची.

यंदा मात्र ऊन असं पडलं की झाडांनी धीरच सोडला. जो माल दोन महिन्यांत थोडा थोडा पिकायचा तो तीन आठवड्यांत पिवळा झाला. गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली. बायकांचे हात सालीच्या तेलाने भाजून निघाले, नखांच्या कडा फाटल्या, तरी पट्टा थांबेना. घंटा एकला होऊ लागली, कधी दीडला. काटेवाला टोपी काढायला घाबरू लागला. तरीही आठवडाभर त्याचा अंदाज एकदाही चुकला नव्हता. गुरुवारी चुकला.

गुरुवारी एकला दहा मिनिटं कमी असताना फाटकाबाहेर रस्ता मोकळा दिसला. काटेवाल्याने शेवटची गाडी पाटीवर घेतली आणि टोपी खिळ्याला लावली. थोरली गेली, सुई घेतली, आली. पट्ट्यावर संत्री येत होती, मोठी पुढे, बारकी खाली, डागी बाजूच्या क्रेटमध्ये. तिने हातांना त्यांचं काम करू दिलं आणि डब्यातल्या भाताचा विचार करत राहिली. पंधरा मिनिटांनी तिने सहज वर पाहिलं, तर खिळा रिकामा होता.

टोपी परत डोक्यावर गेली होती. फाटकातून मालकाच्या मेव्हण्याची गाडी आत येत होती, तिच्यामागे आणखी दोन. मेव्हण्याच्या गाडीला थांबवायचं नसतं, हे मुकादमाला कोणी सांगावं लागत नव्हतं. तो शेडच्या दाराशी आला आणि टाळी वाजवून म्हणाला, "तीन गाड्या आल्यात. त्या उतरेपर्यंत कोणी जागा सोडायची नाही. पाणी नाही, काही नाही." आणि डब्यांच्या खोलीचं दार ओढून त्याने कडी घातली, वर कुलूप लावलं.

थोरलीने हिशेब केला. सुई घेऊन वीस मिनिटं झालेली, तीन गाड्या म्हणजे सव्वा तास. तिने हात पुसले आणि ती मुकादमाकडे गेली.

"मुकादम, खोली जरा उघडा. माझ्या पिशवीतून एक वस्तू घ्यायची आहे."

"आत्ताच पाण्याला जाऊन आलीस ना?"

"साखर घ्यायची आहे. मला साखरेचा आजार आहे. सुई घेतली आहे मी. आता खाल्लं नाही तर साखर कमी होते."

सांगायचं नव्हतं ते सांगून झालं. मुकादमाने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कमी होते तर चांगलंच की. आमचा बाप साखर वाढली म्हणून गेला. कमी होऊन मेलेला माणूस अजून पाहायचा आहे मला." आणि शेजारच्या हमालाकडे बघून तो हसला. "जा, जागेवर जा. पट्टा तुंबतोय."

ती जागेवर गेली. काय करणार, चाळीस बायकांदेखत कुलपाशी झोंबायचं? पहिल्यांदा ओठांना मुंग्या आल्या. मग मानेखालून घाम फुटला, मेणाच्या वाफेचा नाही, थंडगार. गुडघे आतून हलायला लागले. भूक अशी लागली की हातातलं फळ दिसेना, नुसता त्याचा वास नाकातून पोटात उतरे. धाकटीने समोरून पाहिलं तेव्हा थोरली डागी फळं चांगल्या क्रेटमध्ये आणि चांगली डागीमध्ये टाकत होती, अगदी मन लावून.

"ताई," धाकटी म्हणाली. "अगं ताई, काय करतेस?"

थोरलीला धाकटीचा राग आला. कारण नसताना, भयंकर. तिने बाजूच्या डागी क्रेटमधलं एक मऊ पडलेलं संत्रं उचललं आणि सालीसकट त्याचा चावा घेतला. रस हनुवटीवरून गळ्यात गेला. कडू साल, बिया, सगळं ती चावू लागली. आणि तेवढ्यात तिच्या मनगटावर हात पडला.

"हे बघा," मुकादम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "खिसे शिवले तर आता पोटातून न्यायला लागल्या."

थोरली काही तरी बोलली. काय बोलली ते तिला स्वतःला कळलं नाही, शब्द तोंडात ओल्या कापडासारखे होत होते. ती हसलीही असावी. मुकादमाने तिचा तोल जाताना पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला.

"प्यायली आहे ही. तोंड उघड. उघड तोंड, वास बघू दे."

आणि त्याने तिची हनुवटी धरून तोंडाजवळ नाक नेलं. चाळीस बायकांसमोर, दोन पोरांच्या आईच्या. सगळा पट्टा बघत होता. कोणी काही म्हणालं नाही. त्यातल्या दोघी तर रोज तिच्या डब्यातलं लोणचं खात होत्या.

पट्टा ओलांडून आली ती धाकटी. तिने मुकादमाला कोपराने बाजूला केलं, थोरलीला क्रेटवर बसवलं, दोन संत्री दोन हातांनी पिळून तिच्या तोंडात रस घातला. "गिळ. ताई, गिळ आधी, मग मला शिव्या दे." तिसरं, चौथं. पाच-सात मिनिटांनी थोरलीच्या डोळ्यांत ओळख आली. तिला पहिल्यांदा दिसली ती दारात उभी असलेली नवऱ्याची टोपी. त्याने ती हातात धरली होती.

"बायकोला पाजून आणतोस काय रे कामावर?" मुकादमाने विचारलं.

काटेवाल्याला सगळं ठाऊक होतं. सुई ठाऊक होती, गाड्या ठाऊक होत्या, टोपी कधी लावली आणि कधी काढली हे तर त्याच्या एकट्यालाच ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोललं की टोपीची गोष्ट बाहेर येत होती, काट्यावरचा माणूस बायकोला खुणा करतो ही गोष्ट.

"घरी नेतो तिला," तो म्हणाला.

"ने. उद्या माफी लिहून दिली तर घेईन, नाही तर नाही."

"देईल," काटेवाला म्हणाला.

थोरलीला भोवंडत होतं, तरी हे 'देईल' तिने नीट ऐकलं.

घरी तो चुलीपुढे बसून तिच्यासाठी भात वाढत होता, आणि ती भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत होती. डोकं ठणकत होतं. दाढांत अजून सालीचा तुकडा अडकला होता.

"कशाची माफी?" तिने विचारलं.

"अगं, दोन ओळी लिहायच्या. कागदच तो."

"कशाची, ते सांगा."

"संत्रं खाल्लंस ना."

"डागी होतं. संध्याकाळी फावड्याने ओढून बाहेर टाकतात, ते. गुरं खातात, ते चालतं. मी खाल्लं तर चोरी?"

तो भात वाढत राहिला.

"आणि प्यायले होते याची पण माफी मागू? अहो, तुम्ही दारात उभे होतात. त्याने माझ्या तोंडाला नाक लावलं आणि तुम्ही टोपी चुरगाळत उभे होतात."

"मला वाटलं, तुझ्याकडे पुडी असेल."

"खिसा शिवलाय माझा."

"ते मला कुठे माहीत?"

खरंच त्याला माहीत नव्हतं. काट्यावरच्या माणसाच्या सदऱ्याला दोन खिसे होते आणि ते कोणी शिवले नव्हते. सासू आतून ऐकत होती. ती बाहेर आली, तिने ताट थोरलीपुढे सरकवलं आणि म्हणाली, "आधी जेव. भांडायला सुद्धा पोटात काही लागतं." मग मुलाकडे वळून, "आणि तू. तुझा बाप मोठा गप्प माणूस होता. मी चाळीस वर्षं समजायची, शहाणा आहे."

काटेवाला उठून अंगणात गेला.

संध्याकाळी धाकटी तिला दवाखान्यात घेऊन गेली. सिस्टरने बोट टोचून रक्त पाहिलं. संत्र्यांच्या रसाने साखर आता उलटी वर चढली होती. सिस्टरला सगळं सांगताना धाकटीच रडली, थोरली नाही.

"अर्धा तास म्हणजे किती, हे मी हिला सांगितलं होतं," सिस्टर म्हणाली. "तुमच्या शेडला सांगायचं राहिलं. आणखी अर्धा तास गेला असता तर हिला फिट आली असती, शुद्ध गेली असती. हे मुकादमाला कळतं का?"

"मुकादमाच्या मते साखर कमी झालेली चांगली," थोरली म्हणाली.

सिस्टरने चिठ्ठी लिहिली. मोठ्या अक्षरात, शिक्का मारून. या बाईला दुपारी ठरलेल्या वेळी जेवायला मिळालं पाहिजे, आणि साखर सतत अंगावर ठेवू दिली पाहिजे. "डोस कमी करून देऊ का?" तिने विचारलं. "म्हणजे उशीर झाला तरी एवढा त्रास नाही. पण मग साखर वर राहील. पुढे डोळे, पाय..."

थोरली आपल्या पायांकडे बघत बसली. मालकाच्या मेव्हण्याच्या गाड्यांसाठी आपले डोळे कमी करायचे, असाच अर्थ झाला.

"नको," ती म्हणाली. "डोस आहे तोच राहू दे."

शुक्रवारी ती कामावर गेली. मुकादमाने तिला साडेअकरापर्यंत दाराशी ताटकळत ठेवलं. मग चिठ्ठी वाचली नाही, तिच्यावर चहाचा कप ठेवला. माफीचा कागद आधीच तयार होता, कारकुनाच्या सुबक अक्षरात. 'मी शेडमधील माल चोरून खाल्ला व कामावर असताना शुद्धीत नव्हते.' थोरलीने तो दोनदा वाचला. पाचवीपर्यंत शिकल्याचा असाही उपयोग असतो.

"शुद्धीत नव्हते हे खरं आहे," ती म्हणाली. "त्याच्यापुढे लिहा, का नव्हते. सुई किती वाजता घेतली, कुलूप किती वाजता लावलं. मग सही करते."

"जास्त बोलू नकोस. सही कर, नाही तर पिशवी उचल."

"चिठ्ठी तर वाचा."

"इथे दवाखाना चालवत नाही मी. चाळीस बायकांना चाळीस वेळा जेवायला सोडू? काटा रिकामा झाला की घंटा. तुला वेगळा कायदा नाही."

थोरलीने पिशवी उचलली. पट्ट्यावरून धाकटी बघत होती, थोरलीने नुसती मान हलवून तिला थांब म्हटलं, तू तरी राहा. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पावणेबारा झाले असतील. एक गाडी नुकतीच पाटीवरून उतरून शेडकडे गेली होती आणि फाटकाबाहेर पुढची गाडी घरघरत उभी होती, तिच्यामागे आणखी चार. फाटकाकडे जायचं तर पाटीवरूनच जावं लागे. थोरली पाटीच्या मधोमध आली आणि तिच्या डोक्यात मुकादमाचं वाक्य परत एकदा वाजलं. काटा रिकामा झाला की.

ती थांबली. आणि मग तिथेच, तापलेल्या लोखंडावर, पिशवी खाली घालून मांडी घालून बसली.

तिने ओल्या फडक्यातून सुई काढली. आजवर भिंतीकडे तोंड करून टोचलेली सुई तिने भर आवारात टोचली, कापड थोडं सरकवून, सावकाश. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. तिने सुईला टोपण लावलं आणि डबा पुढ्यात ठेवला. उघडला नाही. आता अर्धा तास.

मुकादम धावत आला. "ए, ऊठ तिथून."

"उठते. जेवले की उठते."

"जेवायचं तर जेव लवकर आणि चालती हो."

"लवकर नाही चालत. सुई आत्ता घेतली. अर्ध्या तासाने जेवायचं. तुमच्या टेबलावर चिठ्ठीत लिहिलंय सगळं, कपाखाली."

मागचे चार हॉर्न एकदम वाजले. मुकादमाने हात पुढे केला तशी तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. "हात लावा. काल लावलात तसा लावा. आज मी शुद्धीत आहे." त्याचा हात अर्ध्यावर राहिला. ड्रायव्हर लोक खाली उतरून बघत होते, शेडच्या झरोक्यात एकावर एक डोकी आली होती. तो केबिनकडे वळून ओरडला, "अरे, बायकोला उचल तुझ्या. गाड्या खोळंबल्यात."

काटेवाला केबिनच्या दारात आला. थोरलीने त्याच्याकडे बघितलं नाही. बघून उपयोग काय, कालचं 'देईल' तिला अजून ऐकू येत होतं. तिने तळव्याखाली पिशवी घेतली, लोखंड चटके देत होतं. तो तिच्या वाकलेल्या मानेकडे बघत राहिला. मग आत गेला. तबकडीसमोर वाकून त्याने लाल सुई पाहिली, पावती फाडण्याच्या वहीवर काही तरी लिहिलं आणि खिडकीतून पावती मुकादमापुढे धरली.

"हे काय?"

"पन्नास किलो," काटेवाला म्हणाला. त्याचा आवाज नीट निघाला नाही, म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. "काट्यावर पन्नास किलो आहे. काटा भरलेला असताना दुसरी गाडी घेता येत नाही. नियम आहे."

"डोकं फिरलंय का तुझं? नोकरी जाईल."

"काल चूक माझी झाली," काटेवाला म्हणाला. आता तो ड्रायव्हरांना, झरोक्यातल्या डोक्यांना, सगळ्यांनाच ऐकू जाईल असं बोलत होता. "शेवटची गाडी म्हणून मीच तिला खूण केली, तेव्हा तिने सुई घेतली. मग तुम्ही तीन गाड्या घेतल्या आणि खोलीला कुलूप लावलं. तिने दारू आयुष्यात घेतलेली नाही. हे काल बोलायचं होतं. काल माझी छाती झाली नाही."

एवढं बोलून त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि खिडकीतल्या खिळ्याला अडकवली.

थोरलीने ते पाहिलं. रडायला तिला वेळ नव्हता, ती वेळ मोजत होती. मुकादम मालकाला फोन लावत आवारात येरझारा घालत होता आणि मालक फोन उचलत नव्हता. पहिल्या गाडीचा ड्रायव्हर, पिकल्या मिशांचा माणूस, खाली उतरून पाटीच्या कडेला येऊन उभा राहिला. मुकादमाला वाटलं, हा तरी तिला हाकलेल. त्याने गाडीतली ताडपत्री आणली, तिची एक कड आपल्या गाडीच्या टपाला बांधली आणि दुसरी हातात धरून तिच्यावर सावली केली. "माझ्या आईला होता हा रोग," एवढंच तो म्हणाला.

सव्वाबाराला तिने डबा उघडला. भात, एक उकडलेलं अंडं, वाटाण्याची भाजी, सासूने कोपऱ्यात घातलेली लोणच्याची फोड. तिने घाई केली नाही. एकेक घास नीट चावून खाल्ला, अंडं शेवटी. पाणी प्याली. डबा पुसला, झाकण लावलं, सांडलेली दोन शितं पाटीवरून उचलून तोंडात टाकली. मग गुडघ्यावर हात देऊन उठली आणि पिशवी घेऊन पाटीवरून खाली उतरली.

केबिनमध्ये लाल सुई हलली आणि शून्यावर आली.

पहिल्या गाडीचं इंजिन सुरू झालं. पण त्याआधी काटेवाला हातोडी घेऊन बाहेर आला होता. मुकादम त्याच्याकडे बघत होता, मान हलवायची की नाही हे अजून ठरवत होता. काटेवाल्याने त्याच्याकडे बघितलंच नाही.

"काटा रिकामा झाला," तो म्हणाला, आणि त्याने घंटेचा पहिला टोला दिला.

शेडमधला पट्टा थांबला. डब्यांच्या खोलीची कडी कोणी तरी दाणकन काढली आणि बायका हात पुसत उन्हात बाहेर आल्या. सगळ्यांत पुढे धाकटी होती. तिच्या एप्रनचा खिसा उसवलेला होता आणि काळा दोरा खाली लोंबत होता.